मावशीला 'मला एकटं सोड' म्हणणं उद्धटपणा आहे का?

लोकमान्यनगरची, इंदूर

नमस्कार. प्रश्न साधाच आहे पण चार दिवस झाले डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. आमच्या चार पिढ्या इंदूरला गेल्या, त्यामुळे बोलण्यात हिंदी किती आलीय ते आता आम्हालाही कळत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मी भंवरकुआंला कोचिंगमध्ये शिकवते. सकाळी आठपासून बॅच, दिवसाचे सहा-सात तास नुसतं बोलणं, मग पोरांचे डाउट्स, मग पालकांचे फोन, संध्याकाळी घरी येते तेव्हा घशातून आवाज निघत नाही आणि कुणी नुसतं 'आलीस का' विचारलं तरी अंगावर येतं. आषाढीनंतर माझी मावशी उज्जैनहून आमच्याकडे राहायला आली होती. काका जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगा बाहेर, तिकडे ती एकटीच असते. आमच्यात अगदी अगं-तुगं आहे, लहानपणी सगळ्या सुट्ट्या तिच्याकडेच गेल्या.

मंगळवारी पाऊस, ट्रॅफिक, भिजून घरी आले आणि खोलीत जाऊन तशीच पडले. मावशीने भुट्ट्याचा कीस केला होता. भुट्टे किसताना तिच्या अंगठ्याला किसणी लागली होती, त्यावर चिंधी बांधलेली, आणि त्याच हाताने ती बशी घेऊन आली, वरून जिरावन मसाला, कोथिंबीर, लिंबाची फोड. येऊन पलंगाच्या कडेला बसली आणि शेजारच्यांच्या सुनेचं काहीतरी सांगायला लागली. मी डोळे मिटूनच म्हणलं, 'मावशी, मला जरा एकटं सोड ना.' ओरडले नाही. दार आपटलं नाही. 'ना' पण लावला होता.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग बशी टेबलावर ठेवली आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं. सकाळी उठून बघते तर अंथरुणाची घडी केलेली, पिशवी दाराशी. आठ-दहा दिवस राहणार होती, चौथ्या दिवशी निघाली. आणि दरवेळी निघताना 'येते गं' म्हणते ना, त्या दिवशी 'जाते' म्हणाली. ते 'जाते' माझ्या कानातून जात नाहीये.

आई म्हणते उद्धट झालीस. भाऊ म्हणतो इसमें क्या है, सीधी बात तो बोली. आमच्या स्टाफरूममध्ये 'अभी नहीं यार, बाद में' असं दिवसातून दहा वेळा होतं, कोणी मनाला लावून घेत नाही. मग चूक शब्दांची होती का सुराची का मोठ्यांना हे म्हणायचंच नसतं? तुमच्या घरी काय म्हणता तुम्ही?

रामबागवाले

मी इंदूरलाच शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे, म्हणून शब्दांपुरतं बोलतो.

'मला एकटं सोड' हे आपल्याकडे हिंदीच्या 'मुझे अकेला छोड़ दो' वरून आलंय. हिंदीत तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय, टीव्हीवर रोज ऐकतो, त्याचं काही वाटत नाही. पण मराठीत 'एकटं सोडणं' म्हणजे काय? म्हाताऱ्या आईला एकटं सोडून मुलगा गेला. लेकराला एकटं सोडू नका. म्हणजे टाकून जाणं. 'सोडणे' हे क्रियापदच बघ, वाऱ्यावर सोडलं, गाव सोडलं, नवऱ्याने सोडलं, एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं. उपास सोडणं वगैरे वेगळं, पण माणसाच्या बाबतीत 'सोड' आलं की तुटण्याचा अर्थ जवळपास असतोच. तू हिंदीत विचार करून मराठीत बोललीस आणि तिने मराठीत ऐकलं.

आणि 'एकटं' हा शब्द तू कुणासमोर काढलास ते पण बघ. अकरा वर्षं तिच्या घरात तोच शब्द राहतोय. तुला जे हवं होतं ते एकटेपण नव्हतं, निवांतपण होतं. आपल्याकडे त्याला शब्द कमी नाहीत. 'जरा पाठ टेकू दे', 'थोडं पडू दे गं', 'डोकं भणभणलंय, शांत होऊ दे, मग ऐकते'. यात समोरच्याला जा म्हणावं लागत नाही. आपण आपल्या पाठीबद्दल, डोक्याबद्दल बोलतो, माणूस काय ते समजून उठतो. शिवाय 'टेकू दे', 'पडू दे' यात आपण परवानगी मागतोय, म्हणजे मोठ्याचं मोठेपण राहतं. 'सोड' म्हणजे सरळ आज्ञा, त्याला 'ना' लावला तर धार थोडी कमी होते एवढंच.

माझी आई चातुर्मासात मौन धरून जेवायची. चार महिने, रोज. पानावर बसली की कुणाशी बोलणं नाही, भात हवा तर बोटाने दाखवणार, पुरे असेल तर पानावर आडवा हात. आम्ही पोरं तेवढा वेळ तिच्याकडे कुठलंच भांडण नेत नसू. दिवसभर अकरा माणसांच्या घरात राबणाऱ्या बाईला ती वीस मिनिटं मिळायची, आणि कुणालाही ती उद्धट वाटली नाही कारण त्याला व्रताचं नाव होतं. तुझ्या पिढीकडे ते नाव नाही, म्हणून सगळं शब्दांनी सांगावं लागतं. हे तुमच्यासाठी अवघड आहे, मला कळतं.

दांडियाबाजार

मी बडोद्याची. 'जाते' वाचून पोटात कालवलं माझ्या. आपल्यात निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरातला 'या' म्हणतो, जा कोणी म्हणतच नाही. इथे गुजरातीत पण तेच, निघताना 'आवजो' म्हणतात, म्हणजे या परत. आमच्या दारात संध्याकाळी दोन्ही चालतं, 'या हं' आणि 'आवजो'. म्हणजे पाठवणी करताना पण बोलावणंच तोंडात असतं. पूर्वी दरबारात अत्तर-पान आलं की बैठक संपली असं समजायचं, कुणाला उठा म्हणावं लागत नव्हतं, आणि घरात हळदीकुंकवाला कुंकवाचा करंडा पुढे आला की बायका पदर सावरून उठतात तेही तसंच.

पण रामबागवाले काका, सगळंच आडून बोललं की पण त्रास होतो. माझ्या यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी भेटायला येणाऱ्यांची रांग, माझ्या सासूबाई पुढे पुढे करून 'त्यांना जरा डुलकी लागतेय वाटतं' असं म्हणायच्या, लोक म्हणायचे हो हो झोपू दे आणि तिथेच बसून आपसात बोलायचे. तीन दिवस माणूस झोपला नाही. चौथ्या दिवशी मी दारातच उभी राहिले आणि म्हणलं, 'आज नको, परवा या, पाच वाजता, मी चहा ठेवते.' एकालाही राग आला नाही. उलट परवा बरोब्बर पाचला आले. तेव्हा मला कळलं की 'नको' कितीही रोखठोक असू दे, त्याच्या मागे 'कधी' पाहिजे. तू 'मावशी, अर्धा तास पडते, मग कीस गरम करून आपण दोघी खाऊ' म्हणली असतीस तर ती स्वतः दिवा बंद करून गेली असती.

लष्कर, ग्वाल्हेर

वरचं सगळं मावशीसाठी ठीक. पण हे वाचून कुठली मुलगी असं समजू नये की सगळ्यांनाच गोड बोलून टाळायचं असतं, म्हणून लिहिते. मी वकिली करते.

माझ्याकडे मुली येतात, मेसेज दाखवतात. तो महिनोन्महिने लिहितोय आणि हिची उत्तरं काय, 'आज बिझी आहे', 'घरी पाहुणे आहेत', 'नंतर बघू'. का तर सरळ बोललं तर असभ्य दिसेल, आपल्यावर संस्कार आहेत. भारतीय न्याय संहितेत कलम ७८ पाठलागाचं आहे, १ जुलै २०२४ पासून लागू, त्याआधी तेच भारतीय दंड संहितेत ३५४ ड म्हणून २०१३ साली आलं होतं. त्यात हे स्पष्ट आहे की बाईने आपल्याला रस नाही हे साफ दाखवल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला किंवा मागे फिरत राहिला तर तो गुन्हा. 'साफ' हा शब्द लक्षात ठेवा. तिथे 'नंतर बघू' उपयोगाचं नाही. तिथे लिहायचं, 'मला तुमच्याशी बोलायचं नाही. पुन्हा मेसेज करू नका.' प्लीज नाही, सॉरी नाही, हसरा चेहरा नाही, आणि तो मेसेज डिलीट करायचा नाही. 'तू' वरून 'तुम्ही' वर या, मराठीत चिडल्यावर तुम्ही म्हणलं की ते तू पेक्षा जास्त लागतं, नवरा-बायकोच्या भांडणात बघा. पाठलागच होत असेल तर ११२ लावा, महिलांसाठी १८१ पण आहे.

जिथे नातं ठेवायचं आहे तिथे परवा या म्हणायचं. जिथे ठेवायचं नाही तिथे परवा द्यायचाच नाही. मुलींना आपण पहिलंच शिकवतो, दुसरं कोणी शिकवत नाही, आणि मला याचा फार राग आहे.

बाप माणूस

माझा सोळा वर्षांचा मुलगा मला 'पप्पा, जा ना यार' म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा हात उचलणार होतो. बायको म्हणाली त्याने दार उघडं ठेवलंय ते बघा. खरंच उघडं होतं. सुरावरूनच कळतं, एवढंच.

सुदामानगर आजी

बाळा, मी तुझ्या मावशीच्या जागेवरून लिहिते. नातवाने टाइप करायला शिकवलंय, चुका असतील.

मीही एकटी राहते. आमचा दिवस कसा जातो सांगू का, सकाळी पेपर, देव, स्वयंपाक एका भांड्यात, मग तुम्ही सगळे कामावर. दिवसभरात जे जे दिसतं ते आम्ही संध्याकाळसाठी साठवून ठेवतो. शेजारच्या सुनेची गोष्ट तिला काही फार महत्त्वाची नसणार गं, तुझ्याशी बोलायला हातात काहीतरी हवं म्हणून ती गोष्ट. तू घरी येतेस तेव्हा तुझं बोलणं संपलेलं असतं आणि आमचं सुरूच व्हायचं असतं. यात तुझी काही चूक नाही, तिची पण नाही.

माझी नात पण एकदा म्हणाली होती, 'आजी, आत्ता नको ना.' मी दोन दिवस धुसफुसत होते. मग विचार केला की मी माझ्या सासूबाईंना कधी 'आत्ता नको' म्हणू शकले का, तर नाही, बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. ही तोंडावर म्हणते म्हणजे हिला माझी भीती नाही. ते मला बरं वाटलं. तेव्हा तू म्हणालीस त्याचं मला वाईट वाटत नाही. मोठ्यांनी पण पोर दारातून आल्या आल्या अंगावर जाऊ नये, चपला काढू द्याव्यात, पाणी द्यावं आणि गप्प बसावं, हे मी शिकले उशिरा.

पण तो शब्द नको होता. 'एकटं' नको होतं. बोलायचं तर 'दमलेय' म्हण. दमणं सगळ्यांना कळतं. आणि मला एक सांग, त्या कीसाचं काय झालं? खाल्लास का? कारण सकाळी उठून तिने पहिली ती बशी बघितली असणार.

फोनवर माफी मागू नकोस, फोनवर आम्ही 'अगं त्यात काय' म्हणून मोकळ्या होतो. उज्जैन पंचावन्न किलोमीटर आहे. जा.

लोकमान्यनगरची, इंदूर

सगळ्यांचं वाचलं. आजी, कीस नव्हता खाल्ला. सकाळी बशी तशीच होती, वर साय धरल्यासारखं झालं होतं. तुम्ही विचारलं तेव्हा रडले मी.

रविवारी गेले. बस पकडली, सांगितलं नव्हतं. दारात बघून आधी म्हणाली, 'क्लास नाही का आज?' मी पोहोचेपर्यंत सगळं पाठ करून गेले होते, रामबागवाल्या काकांनी सांगितलेलं शब्दांचं वगैरे, पण तिथे काहीच बोलता आलं नाही. मी म्हणलं, 'मावशी, त्या दिवशी फार दमले होते गं.' ती म्हणाली, 'माहितेय.' मग बऱ्याच वेळाने भाजी निवडता निवडता स्वतःच म्हणाली, 'माझ्या वयाची झालीस की कळेल तुला, एकटं सोडलं की कसं वाटतं.' रागाने नाही म्हणाली. मी गप्प बसले. तिच्या अंगठ्याची चिंधी निघाली होती, खपली धरली होती.

दुपारभर तिने शेजारच्या सुनेची ती गोष्ट पूर्ण सांगितली. खरं सांगते, गोष्ट चांगली होती, अर्धवट ऐकली असती तर कळलीच नसती.

वकील ताई, तुमचं मी आमच्या बॅचच्या मुलींना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. एका मुलीचं असंच चालू आहे आणि ती रोज त्याला 'टेस्ट आहे' म्हणून टाळते.

निघताना मी म्हणलं, 'येते.' ती म्हणाली, 'ये.' इंदूरला कधी येतेस विचारलं तर म्हणाली, 'बघू, दसरा होऊ दे.'