पावले मोजायची, पण लक्ष्य किती ठेवायचे?

प्रश्न:
माझे काम दिवसभर बसून करण्याचे असल्यामुळे दोन महिन्यांपूर्वी मी पावले मोजणारा मनगटी पट्टा घेतला. त्यात १०,००० पावलांचे लक्ष्य आधीच भरलेले होते. ते गाठण्यासाठी चार दिवस नेटाने चाललो, पाचव्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या आणि नंतर आकडा पाहणेच सोडून दिले. आता पुन्हा सुरुवात करायची आहे. माझी रोजची सरासरी ३,५०० च्या आसपास आहे. लक्ष्य किती ठेवावे? शिवाय पट्टा आणि मोबाइल यांचे आकडे जुळत नाहीत. कोणता खरा मानावा?

प्रतिसाद १:
१०,००० हा आकडा संशोधनातून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये ‘मानपोकेई’ म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’ या नावाचे यंत्र विक्रीला आले आणि ते नावच पुढे नियम होऊन बसले. २०१९ साली अमेरिकेतील वयस्कर स्त्रियांच्या एका अभ्यासात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे हा फरक जवळजवळ वाढला नाही. अर्थात हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. ज्यांची प्रकृती मुळातच बरी असते ते अधिक चालतात, हेही ध्यानात ठेवावे. तरीही आपल्यासारख्यांनी ३,५०० वरून ४,५०० वर जाणे आणि तिथे दोन-तीन आठवडे टिकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. लक्ष्य मात्र हवेच: पावले मोजण्याविषयीच्या अभ्यासांचा २००७ साली जो आढावा घेतला गेला, त्यात चालणे वाढण्याचा संबंध ठरावीक लक्ष्य असण्याशी दिसून आला होता.

प्रतिसाद २:
आकडे जुळणार नाहीत, कारण दोन्ही उपकरणे पाऊल पाहत नाहीत, तर त्यांतील संवेदक लयबद्ध हालचाल ओळखून तिचे पाऊल मानतो. बाबागाडी ढकलताना हात स्थिर राहतो, त्यामुळे पट्टा पावले गाळतो. उलट बसल्याजागी हातवारे केले की काही फुकटात जमा करतो. मोबाइल टेबलावर राहिला, तर त्याच्या हिशेबी आपण उठलोच नाही. फार संथ चाल दोघांनाही नीट कळत नाही. मनातल्या मनात १०० पावले मोजून पाहा. ज्या उपकरणाची चूक कमी, तेच कायम वापरा. कालच्याशी आजची तुलना करायची असेल, तर मोजमाप एकाच उपकरणाचे हवे, मग ते थोडे चुकीचे असले तरी चालते.

प्रतिसाद ३:
वरील मुद्दे पटतात, पण केवळ एकूण बेरजेकडे पाहू नये. प्रौढांना मिनिटाला साधारण १०० पावलांची चाल मध्यम श्रमाची ठरते, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. दिवसभरात विखुरलेली पावले वाया जात नाहीत. तरी त्यांतली दहा मिनिटे सलग आणि झपझप चालावीत. पोहणे व सायकल चालवणे यांचे श्रेय पावलांच्या आकड्यात जवळजवळ येतच नाही, त्यामुळे त्या दिवशी आकडा कमी दिसला म्हणून पुन्हा चालायला निघू नये. पोटऱ्यांचे दुखणे आठवडाभरात थांबले नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पट्ट्यातील लक्ष्य आजच ४,५०० केले. १०० पावलांच्या चाचणीत पट्ट्याने ९६ मोजली आणि मोबाइलने ८८, तेव्हा यापुढे पट्टाच वापरेन.