मदत हवी आहे: रोजच्या लिकुआदोचं काय करू?

नमस्कार मंडळी. आम्ही मेक्सिकोत ग्वादलाहाराला राहतो. इथे सकाळी रसाच्या गाड्यांवर ‘लिकुआदो’ मिळतो: दूध, फळ, साखर, वर दालचिनी; घट्ट हवा असेल तर ओट्स. केळ्याचा म्हणजे जवळजवळ आपली शिकरणच, फक्त मिक्सरमधून काढलेली! काही जण कच्चं अंडंही फोडून घालतात, ते मी सरळ नको म्हणते.

आई साताऱ्याहून आली आहे आणि तिला याचं वेडच लागलंय, त्यातून इथे राजगिराही घालून देतात म्हटल्यावर तर विचारूच नका. पण तिची शुगर काठावर आहे. माझा ढोबळ हिशेब: एक केळं १०५ कॅलरी, कपभर साईचं दूध १५०, त्यात प्रथिनं ८ ग्रॅम. गाडीवरचा ग्लास मात्र अर्ध्या लिटरचा, साखर वेगळी.

घरी साखर न घालता, अर्ध्या केळ्याचा करून दिला तर रोज चालेल का? की पेरू बरा? पपईचा केला होता, अर्ध्या तासात कडू झाला; लगेच प्यायला हवा होता म्हणे. कोणी आहारतज्ज्ञ असेल तर प्लीज सांगा. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे.