पाच दिवसांचा शिमगा मैदानावर वर्षभर कशासाठी?

सुरंगी

गेल्या रविवारी तेरेखोल खाडीच्या अलीकडच्या एका गावात फुटबॉल स्पर्धेचे उपांत्य सामने होते. पेडण्याकडून दोन संघ आले होते आणि बांधावर, कट्ट्यावर, टेम्पोच्या टपावर मिळेल तिथे माणसे बसली होती. लाईनवर बावटा घेऊन एक विशी-बाविशीची मुलगी उभी होती. पहिल्या वीस मिनिटांत तिने दोनदा ऑफसाइड दिले. दोन्ही वेळा मी त्याच रेषेत उभी होते आणि दोन्ही निर्णय बरोबर होते, कारण पास निघाला त्या क्षणी पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये एकटा गोलीच उरला होता. तरीही दुसऱ्या निर्णयानंतर तीसचाळीस पोरांनी ताशाच्या तालावर ओरडायला सुरुवात केली, "बावटो ठेव, पेज ढवळ!" एवढ्यावर थांबले असते तर हा धागा कदाचित मी काढला नसता. मध्यंतरापर्यंत त्या तालावर तिच्या शरीराविषयीचे शब्द चढले, आणि उत्तरार्धात पाहुण्यांच्या गोलीची बहीण. ते शब्द इथे लिहिण्याची गरज नाही. सर्वांनी कधी ना कधी ते ऐकलेले आहेत.

माझा आक्षेप शिव्यांना नाही, शिव्यांच्या कवायतीला आहे. गोल हुकल्यावर एखाद्याच्या तोंडून काही निघून जाते, ते मी समजू शकते. परंतु ताल धरायचा, कोणीतरी पहिली ओळ द्यायची, बाकीच्यांनी उचलायची, दमल्यावर पाणी पिऊन पुन्हा सुरू करायचे, याला रागाचा झटका कसे म्हणावे? मैदानात बावीस पुरुष खेळत असताना अपमानासाठी हाताशी धरल्या जातात त्या मात्र आई, बहीण आणि झेंडा धरलेली मुलगी. ज्याच्या हाती माईक होता तो समालोचक प्रत्येक गोलाला कोणाकडून पाचशे एक रुपये आले ते अगदी आडनावासह सांगत होता. या घोषणांबद्दल त्याने अवाक्षर काढले नाही, उलट एकदा हसला, आणि ते हसणे कर्ण्यातून गावभर गेले.

आयोजकांनी अशा वेळी सामना थांबवावा असे माझे मत आहे. आपले काय?

खाडीकाठचा

सुरंगीताई, आपल्या भावनेबद्दल आदर ठेवून मी विरोधी मत मांडतो. आपण ज्या मातीत उभे राहून हे लिहीत आहात, तिथे होळी पेटली की वयाने आणि मानाने मोठी माणसेसुद्धा बोंब मारतात, फाका म्हणजे शिवराळ आरोळ्या घालतात, आणि त्या फाकांमधले शब्द मैदानावरच्या शब्दांपेक्षा सौम्य असतात असे कोणी म्हणू नये. पिढ्यान्‌पिढ्या गावाने हे चालवले, कारण वर्षभर तोंड दाबून राबणाऱ्या माणसाला ते कुठेतरी मोकळे सोडावे लागते. फुटबॉलचे मैदान ही तशीच मोकळीक आहे. तिथे नव्वद मिनिटे जे बोलले जाते ते नव्वद मिनिटांनंतर कोणाच्या मनात राहत नाही. त्याच संध्याकाळी दोन्ही संघ एकाच टपरीवर भजी खातात.

दुसरे असे की, मैदाने स्वच्छ करण्याच्या मोहिमा कुठे जाऊन थांबतात ते इंग्लंडने दाखवून दिले आहे. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत ९७ माणसे गेली, त्यानंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या क्लबांची मैदाने पूर्ण आसनांची केली. सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच होते. पण त्याच काळात तिकिटे इतकी महागली की वर्षानुवर्षे उभ्याने सामना पाहणारा कामगार घरी बसला आणि त्याच्या जागी सभ्य, शांत, पैसेवाला प्रेक्षक आला. उद्या आपल्याकडेही खुर्च्या, पास आणि 'कौटुंबिक वातावरण' येईल, आणि टेम्पोच्या टपावरचा पोरगा बाहेर राहील. ज्याला शिवीशिवाय भाषा नाही त्याची भाषा काढून घेणे हा सुशिक्षितांचा जुना छंद आहे.

जुना गोली

मी सतरा वर्षे गोलात उभा राहिलो, म्हणून लिहितो. प्रेक्षकांच्या सर्वांत जवळ गोलीच असतो. बाकीचे धावत असतात, त्यांना अर्धे ऐकूच येत नाही. गोली मात्र चेंडू दुसऱ्या टोकाला असताना नुसता उभा असतो आणि पाठीमागच्या दहा पावलांवरचा प्रत्येक शब्द त्याला ऐकू येतो.

'नव्वद मिनिटांनंतर कोणाच्या मनात राहत नाही' हे वाक्य ओरडणाऱ्याच्या बाजूने खरे आहे. एकदा माझी आई मला डबा द्यायला मैदानावर आली होती. मागच्या पोरांना ती कोण हे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तर ते गप्प बसले असते याचीही मला खात्री आहे. पण जे चालले होते ते तिच्याच नावाने चालले होते. तिने डबा खांबाशी ठेवला आणि ती निघून गेली. घरी त्यावर बोलणे झाले नाही. त्यानंतर ती कधी सामन्याला आली नाही, आणि मी मात्र पुढची कित्येक वर्षे दुसऱ्या गोलींच्या आयांवरून तसेच ओरडत राहिलो, हेही इथे कबूल केले पाहिजे.

कोर्टाची पायरी

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण असल्या चर्चेत 'पोलीस काय करतात' हा प्रश्न येतोच. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ प्रमाणे सार्वजनिक जागी इतरांना उपद्रव होईल अशा रीतीने अश्लील गाणी किंवा शब्द उच्चारणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारला तर कलम ७९ लागते आणि तिथे कैद तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. लाईनवरच्या मुलीच्या बाबतीत दोन्ही कलमांचा विचार करता येईल. पण चाळीस जणांच्या कोरसमधून आरोपी क्रमांक एक कोणाला करायचे? साक्ष कोण देणार? सगळे एकमेकांचे भावकीतले.

इंग्लंडमध्ये १९९१ साली फुटबॉल सामन्यांतील गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि अश्लील किंवा वंशद्वेषी घोषणाबाजी हा गुन्हा ठरला. त्यातली एक गंमत वकिलांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूळ तरतुदीत घोषणाबाजी म्हणजे किमान आणखी एकाच्या साथीने ओरडणे अशी व्याख्या होती, त्यामुळे एकट्याने ओरडणारा सुटत असे. १९९९ च्या दुरुस्तीने एकट्यालाही पकडीत आणले. स्त्रीद्वेषाचा मात्र त्या कलमात वेगळा उल्लेख नाही, तो 'अश्लील' या शब्दातच बसवावा लागतो. 'पेज ढवळ' अश्लील नाही, म्हणजे त्या कलमात ते बसणारच नाही, आणि मला तर संपूर्ण प्रकरणातला सर्वांत बोचरा भाग तोच वाटतो. माझे मत असे की हे काम पोलिसांचे नसून आयोजकांचे आहे.

चाकरमानी

एवढी चर्चा कशाला? बायकामुलींना त्रास होत असेल तर त्यांनी अंतिम सामना घरून मोबाईलवर पाहावा. हल्ली सगळे सामने थेट दाखवतात.

सुरंगी

चाकरमानी, आपण एका वाक्यात जे सुचवले ते एका देशाने चार दशके करून पाहिले आहे. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर लवकरच पुरुषांच्या फुटबॉल सामन्यांना स्त्रियांनी जाणे बंद झाले, आणि त्यासाठी वारंवार दिले गेलेले एक कारण असे की मैदानावरची पुरुषांची भाषा स्त्रियांच्या कानी पडू नये. शिव्या पुरुषांच्या आणि बंदी स्त्रियांना! सहर खोदायारी ही तरुणी पुरुषाच्या वेशात सामना पाहायला गेली म्हणून पकडली गेली. खटल्याच्या धास्तीने तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ती गेली. पुढच्याच महिन्यात, १० ऑक्टोबरला, तेहरानच्या आझादी मैदानावर स्त्रियांना तिकिटे मिळाली. इराणने त्या दिवशी कंबोडियावर चौदा गोल केले. प्रेक्षकांत स्त्रिया आल्याने खेळाची धार गेली असे त्या आकड्यावरून तरी दिसत नाही.

युरोपातही हा विचार मेलेला नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये रोममधील लाझिओ संघाच्या कट्टर पाठीराख्यांनी पत्रके वाटून, आपल्या बाजूच्या पहिल्या दहा रांगांत स्त्रियांनी उभे राहू नये असे कळवले होते.

आता शिमग्याविषयी. खाडीकाठचे, आपला मुद्दा मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर दोन दिवस विचार केला. शिमग्याला मांड, म्हणजे ठरलेली जागा, असते. मांडावर मानकरी असतात, आधी गाऱ्हाणे होते, आणि कोणत्या दिवशी काय बोलायचे आणि कोणत्या दिवशी ते बंद करायचे हे गावाने ठरवलेले असते. सांगता झाल्यावर तीच फाक कोणी बाजारात घातली तर त्याच्या कानाखाली आवाज निघतो. म्हणजे परंपरेने मोकळीक दिली ती कुंपण घालून दिली. तिथेही नेम धरून एखाद्या मुलीला बोलले जाते तेव्हा ते सगळ्यांनाच गोड लागते असे नाही, पण तो वाद सध्या बाजूला ठेवते. मैदानावरचा मानकरी कोण? कुंपण कुठे आहे? शिमगा गेला तरी कवित्व उरते असे आपण म्हणतो, इथे तर शिमग्याचा पत्ता नाही आणि नुसते कवित्वच बारा महिने चालले आहे.

आणि ही भाषा केवळ गरिबाची, हे मला मान्य नाही. जानेवारी २०११ मध्ये इंग्लंडमध्ये वुल्व्हज आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात सियान मॅसी या लाईनवर होत्या. त्यांना ऑफसाइड कळत नसणार अशी थट्टा तिथल्या एका टीव्ही वाहिनीच्या दोन गलेलठ्ठ पगारांच्या सादरकर्त्यांनी माईक बंद आहे असे समजून केली, आणि सामन्यात मॅसींचा महत्त्वाचा निर्णय अचूक ठरला. एकाला काढून टाकले, दुसऱ्याने राजीनामा दिला. टेम्पोच्या टपावर त्यांतला कोणी नव्हता.

देवळाकडची

मी प्रत्येक सामन्याला जाते आणि कोणाची परवानगी घेऊन जात नाही, म्हणून माझे मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. घोषणा घाणेरड्या असतात हे खरे, पण त्यांनी मी घाबरत नाही. तशी भाषा मासळीबाजारात मलाही येते. मला खरी अडचण होते ती दुसरीच. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत चालणाऱ्या स्पर्धेत बायकांसाठी एक मुतारी नसते. मुली दुपारीच घरी का निघून जातात याचे कारण घोषणांत शोधणारे आयोजक मला उद्या दहा सूचना देणारे फलक लावतील आणि मुतारी तशीच राहील. तरीही लाईनवरच्या त्या मुलीचे प्रकरण वेगळे आहे हे मानते. मी उठून जाऊ शकते, ती जाऊ शकत नाही. ती तिथे कामावर होती.

खाडीकाठचा

देवळाकडच्या ताईंचे शेवटचे वाक्य मला अडवते. प्रेक्षक प्रेक्षकाला बोलतो आणि प्रेक्षक कामावरच्या माणसाला बोलतो यांतला फरक मी विचारात घेतला नव्हता. जुन्या गोलींच्या आईविषयी वाचल्यावर प्रतिवाद सुचला नाही, आणि तो सुचवूही नये.

मात्र सामना थांबवण्याच्या उपायावर माझा विश्वास नाही. मेक्सिकोचे प्रेक्षक विरोधी गोली चेंडू मारतो त्या क्षणी समलिंगी पुरुषांना हिणवणारा एक शब्द एका सुरात ओरडतात. फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, वर्षानुवर्षे दंड केले, प्रेक्षकांविना सामने खेळायला लावले. तरी जून २०२३ मध्ये लास व्हेगासला अमेरिकेविरुद्धचा सामना पंचांना त्याच घोषणेपायी वेळेआधी संपवावा लागला. जिथे फिफा हरली तिथे आपले मंडळ काय करणार? उलट हरणाऱ्या संघाची पोरे मुद्दाम ओरडून सामना बंद पाडतील.

जुना गोली

फिफा हरली कारण तिला ओरडणाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते. आपल्याकडे पहिली ओळ कोण देतो हे सगळ्या मैदानाला ठाऊक असते, त्याच्या वडिलांचे नाव ठाऊक असते, आणि त्याने कोणाकडून उसने घेतले आहेत हेही. फिफाच्या नियमात तीन पायऱ्या आहेत: आधी खेळ थांबवून सूचना द्यायची, मग संघांना काही वेळ आत पाठवायचे, आणि तरीही थांबले नाही तर सामना रद्द. आपल्याला आत पाठवायला खोलीच नाही, फार तर माडाखाली उभे करू. पण पहिली पायरी आपल्या समालोचकाला सहज जमेल. बक्षिसाच्या पाचशे एक रुपयांचे आडनाव ज्या आवाजात घेतो, त्याच आवाजात पहिली ओळ देणाऱ्याचेही घ्यावे. माझा अंदाज आहे की दुसऱ्या पायरीची वेळ येणार नाही.

कोर्टाची पायरी

कर्ण्यावरून नाव घेण्यापूर्वी माणूस तोच आहे याची खात्री करावी. चुकीचे आडनाव गेले तर सोमवारी माझ्याकडे दोन्ही पक्ष येतील.

खाडीकाठचा

अंतिम सामन्यापूर्वी शुक्रवारी मंडळाची बैठक आहे. समालोचक माझा चुलतभाऊ आहे, त्याला मी सांगेन. माझी अट एकच: रेफ्रीच्या निर्णयावर ओरडण्याचा हक्क राहिला पाहिजे. तो आंधळा आहे असे मी ओरडणार, आणि लाईनवर मुलगी असली तर तिलाही तेच ओरडणार.

सुरंगी

निर्णयावर खुशाल ओरडा, ऑफसाइडचा नियम आधी वाचून या म्हणजे झाले. शुक्रवारी मी येते. मुतारीचा विषयही त्याच बैठकीत घ्या, आणि लाईनवरच्या मुलीला अंतिम सामन्याचे बोलावणे गेले आहे की नाही ते आजच कळवा; मानधनाच्या पाकिटासोबत तिला रविवारी कोणी निरोपाचा एक शब्दही बोलले नव्हते.