गोठलेल्या तळ्यात ट्राउटसाठी पिसांच्या माश्या चालतील का?

प्रश्न (पंचगंगाकाठ, कोल्हापूर): जानेवारीत मी कॅनडातील कॅल्गरीला मुलीकडे जाणार आहे. जावईबापू बर्फाला भोक पाडून ट्राउट (थंड, गोड्या पाण्यातील मासा) पकडतात. मी घरी पिसे व दोरा गुंडाळून बनविलेल्या कृत्रिम माश्या, ज्या एरवी वाहत्या पाण्यात फेकायच्या असतात, त्या तेथे उपयोगी पडतील काय?

उत्तर (गळकरी): अवश्य पडतील, मात्र पाण्यावर तरंगणाऱ्या माश्या घरीच ठेवाव्यात. बर्फाखाली ट्राउटचे खाद्य म्हणजे मुख्यतः चिलटांच्या अळ्या आणि कोळंबीसारखे बारीक जीव असल्यामुळे १२ ते १६ क्रमांकाच्या (म्हणजे लहान) गळावर बांधलेली, टंगस्टन या जड धातूचा मणी असलेली लाल किंवा काळी कृत्रिम अळी सर्वांत भरवशाची ठरते. मणी नसेल तर माशी लवकर बुडत नाही. अशा वेळी तिच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा छोटा गोळा दाबून बसवावा. वाहत्या पाण्यात प्रवाहच माशी हलवितो, येथे ते काम आपल्या मनगटाचे: हलकेच उचलावे, सोडावे आणि बराच वेळ स्थिर ठेवावे.

उत्तर (राजारामपुरीकर): तळ गाठण्याचा हट्ट नको. ट्राउट पुष्कळदा काठाजवळ, दोन-तीन मीटर पाण्यात, कधी बर्फाच्या अगदी खालून फिरतो. बर्फ स्वच्छ आणि किमान १० सेंटिमीटर जाड असल्याखेरीज पाय ठेवू नये. परवाना आणि एका दोरीवर किती गळ चालतात, हे जावईबापूंना आधीच विचारावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रंकाळ्यावर बसून आजच लाल अळ्या बांधावयास घेतो.