जुन्या गाडीतला आवाज नेमका कुठून येतो? तुमचे अनुभव लिहा

माझी गाडी १६ वर्षांची. पुढची चाकं ओढणारी साधी हॅचबॅक, १ लाख ८० हजार किलोमीटर झालेली. गेले तीन महिने पन्नासच्या पुढे गेलं की घूंऽऽ सुरू होतं, आणि ऐंशीला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. मला वाटलं डावीकडून येतंय. बायकोलाही डावीकडूनच वाटलं. मेकॅनिक एक चक्कर मारून आला, म्हणाला डावं पुढचं बेअरिंग. बदललं. आवाज जिथल्या तिथे! पैशांपेक्षा स्वतःच्या कानांवरचा विश्वास गेला याचं जास्त वाईट वाटलं.

शिवाय रिव्हर्स घेऊन पुन्हा पहिल्यात टाकलं की खालून एक 'टक' येतो. एकदाच. मग दिवसभर गप्प.

इंजिनाचे आवाज इथे नकोत, तो वेगळा संसार आहे. क्लचपासून चाकापर्यंतचं बोलू: गिअरबॉक्स, शाफ्ट, जॉइंट, डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा दातऱ्यांचा गोळा), बेअरिंग. 'अमुक बदललं आणि गेला' एवढंच लिहू नका. कशावरून ओळखलंत ते लिहा. फसला असाल तर ते आधी लिहा, मला सोबत होईल.

* * *

हयात गाड्यांखाली गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गिऱ्हाईक आलं की तोंडाने आवाज काढून दाखवतं. खडखड, घरघर, कुईंकुईं. मी ऐकून घेतो, पण वहीत लिहितो ते 'कधी'. थंड असताना का गरम झाल्यावर? ॲक्सिलरेटर दाबल्यावर का सोडल्यावर? सरळ जाताना का वळताना? आवाज कसा आहे यावर दोन माणसांचं एकमत होत नाही, कधी येतो यावर होतं.

घूंऽऽ साठी माझा क्रम असा. साठच्या वेगाने आधी चौथ्या गिअरमध्ये जा, मग त्याच वेगाने तिसऱ्यात. इंजिनाचे फेरे बदलले. त्याबरोबर आवाजाचा सूर बदलला तर तो इंजिनाकडचा किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागातला. नाही बदलला तर दोषी गिअरच्या पलीकडे, चाकाच्या बाजूला आहे. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी वाहू द्या. तरी घूंऽऽ तसंच राहिलं तर टायर किंवा बेअरिंग. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच बदललं तर दातऱ्यांवर संशय. किल्ली मात्र बंद करू नका. ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टेअरिंग लॉक व्हायची भीती असते. उतारावरही हा प्रयोग नको.

शेवटी त्याच वेगात गाडी अलगद डावी-उजवी झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवं बेअरिंग बोलत असतं. 'बहुतेक वेळा' मुद्दाम लिहिलंय. दोन रांगांच्या बेअरिंगने मलाही उलटं फसवलंय. आणि बसल्या जागेवरून डावं-उजवं ठरवायला तर मुळीच जाऊ नका. पत्र्यातून आवाज कुठूनही कुठेही जातो.

* * *

माझा आवाज अगदी सोपा होता, तरी मी चार महिने काढले. पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवून निघालं की कट-कट-कट-कट. सरळ केलं की बंद. रेडिओ जरा मोठा केला की तोही बंद!

एकदा टायरमध्ये हवा भरताना रिमच्या आतल्या बाजूला काळ्या चिकट रेघा दिसल्या, कुणीतरी पिचकारी मारल्यासारख्या. डोकं घालून पाहिलं तर ॲक्सलवरचं रबरी बूट घडीवर फाटलेलं, आतलं ग्रीस फिरत्या शाफ्टने भिरकावून दिलेलं. त्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटमध्ये (ॲक्सलला वाकूनही एकसारखं फिरू देणारा सांधा) सहसा सहा गोळ्या असतात आणि त्या आपापल्या खाचांतून घसरतात. ग्रीस गेलं, धूळ आली की खाचांना खड्डे पडतात. गाडी वळताना जॉइंट जास्त वाकतो आणि गोळी खड्ड्यातून उडी मारते, तोच तो कट.

मी फसले ती इथे: 'नुसतं बूट बदला, ताजं ग्रीस भरा' असं सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली. पंधरा दिवस शांत. मग पुन्हा कट-कट. आवाज सुरू झाल्यावर बूट बदलणं म्हणजे घोडं पळाल्यावर तबेल्याला कडी. आवाजाआधी फाटलेलं दिसलं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं. आता चाक काढलं की बुटाच्या घड्या बोटाने उघडून बघते.

* * *

आधी चाकाचे नट घट्ट आहेत का बघा. हसू नका. टायर बदलून आणल्यावर माझ्या गाडीत टक-टक येत होतं. मी सस्पेन्शन, जॉइंट, सगळ्यांवर आळ घेतला. चारपैकी दोन नट हाताने फिरत होते.

* * *

आमचा प्रकार जुन्या घडणीचा, मागची चाकं ढकलणारा. मधून लांब शाफ्ट, दोन्ही टोकांना क्रॉस (शाफ्टला वाकूनही फिरू देणारा अधिक-चिन्हासारखा सांधा). चालण्याच्या वेगात चिर्र-चिर्र, पक्ष्याच्या पिलासारखं. वेग वाढला की ऐकू येत नाही. सगळे म्हणाले ब्रेक. ब्रेक उघडले, साफ केले, पिलू जिवंत.

मग भावाला गाडीच्या बाजूने चालायला लावलं. टायरवर खडूची रेघ मारली आणि चाकाच्या एका फेऱ्यात किती वेळा चिर्र होतं ते मोजायला सांगितलं. चाकाचा किंवा ब्रेकचा दोष असता तर सहसा एकदा आलं असतं. येत होतं चार वेळा. आमच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर चारच्या थोडं वर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्ट चार फेरे मारतो. चोर सापडला! क्रॉसच्या एका टोपीत ग्रीस संपून आतल्या सुया गंजल्या होत्या, उघडल्यावर लाल पावडर पडली.

खरी मजा पुढे. नवा क्रॉस बसवला, चिर्र गेलं आणि सत्तरला गाडी थरथरायला लागली. आधी अजिबात थरथरत नव्हती. क्रॉसच्या जॉइंटची एक खोड आहे. तो वाकून फिरतो तेव्हा एका बाजूने एकसारखा फिरवलात तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. दुसऱ्या टोकाचा जॉइंट हीच चूक उलटी करतो आणि हिशेब मिटतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत असावे लागतात. जोडताना आम्ही खाचा सरकवून बसवल्या होत्या. पुन्हा उतरवून काटे जुळवले, थरथर गायब. तेव्हापासून कुठलाही शाफ्ट काढण्याआधी मी दोन्हीकडे पांढऱ्या रंगाची खूण करतो. नट-बोल्ट विसरेन, खूण नाही.

* * *

वरच्या दादांचा खडू आवडला. माझा अनुभव गिअरबॉक्सचा. न्यूट्रलमध्ये गाडी उभी, पाय क्लचवर नाही, तेव्हा बारीक खरखर. क्लच दाबला की शांत. मी समजलो क्लच गेला. अख्खा संच बदलून घेतला, आणि खरखर नव्या क्लचसोबत सुखाने नांदली. नंतर कळलं की खूण उलटी वाचली. क्लच दाबल्यावर आवाज थांबतो तेव्हा संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून ताकद आत आणणारा) बेअरिंगवर, कारण तो शाफ्ट तेव्हा थांबतो. दाबल्यावर आवाज सुरू होतो तेव्हा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं.

गिअरबॉक्सचं तेलही निम्मंच निघालं. भरताना पुस्तिकेत लिहिलेलंच घ्या. डिफरन्शियलला चालणारं जीएल-५ दर्जाचं तेल पितळी सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या प्रत्येक गिअरबॉक्सला मानवतंच असं नाही.

* * *

धागाकर्ते, टायर बघितलेत का? कुणीच कसं विचारलं नाही? नव्या गुळगुळीत डांबरावर आवाज एकदम कमी होतो आणि खडबडीत काँक्रीटवर सूरच बदलतो, असं असेल तर बेअरिंगच्या मागे लागण्याआधी टायरवर तळवा फिरवा. आधी एका दिशेने, मग उलट. एकीकडे मऊ आणि दुसरीकडे करवतीसारखं लागलं तर टायर वेडेवाकडे झिजलेत. पुढचे मागे टाकून बघा. घूंऽऽ मागच्या सीटवर जाऊन बसलं तर उत्तर मिळालं. चाकांचं अलाइनमेंट त्याच फेरीत करून घ्या, नाहीतर दुसरे टायरही तोच राग आळवतील.

* * *

बेअरिंगसाठी स्प्रिंगची युक्ती कुणी लिहिली नाही. पुढचं चाक उचला, गाडी स्टँडवर टेका (नुसत्या जॅकवर नाही, कधीच नाही), गिअर न्यूट्रलमध्ये. एका हाताने चाक फिरवा, दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून बोटांना वाळूसारखं लागतं. दोन्ही बाजू करून तुलना करा. इंजिनावर चाकं हवेत फिरवून ऐकण्याच्या भानगडीत पडू नका. चाकं लोंबकळत असताना जॉइंट एरवीपेक्षा जास्त वाकतात आणि चांगले असूनही आवाज करतात.

तुमच्या 'टक'साठी दोन गोष्टी. एक, इंजिन-गिअरबॉक्सची फाउंडेशन, म्हणजे त्यांना धरणारे रबरी आधार. रबर फाटलं असेल तर दिशा बदलताना सगळा गोळा कलतो आणि आपटतो. बॉनेट उघडून, हँडब्रेक आणि ब्रेक धरून कुणालातरी रिव्हर्स-पहिला करत क्लच किंचित सोडायला सांगा. तुम्ही बाजूला उभं राहून बघा, समोर नाही. दोन, ॲक्सल जिथे हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) शिरतो त्या खाचा कोरड्या पडणं. दिशा बदलल्यावर एकदाच टक आणि मग शांतता, हे त्याचं अगदी ठरलेलं लक्षण.

* * *

मी आवाज दुरुस्त केलेला नाही. मागच्या डिफरन्शियलचा ऊंऽऽ, ॲक्सिलरेटर दिला की येतो, सोडला की जातो. क्राउन-पिनियनचे (आतली मोठ्या-लहान दातऱ्यांची जोडी) दात एका बाजूने झिजले. नवी जोडीच घालावी लागते आणि दातांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागापर्यंत बसवणारा हात हवा. तसा हात मिळाला नाही. तेल बदलताना चुंबकाच्या बोल्टवर राखाडी मळी येते तेवढं चालतं. टोचणारा तुकडा आला की त्या दिवशी गाडी उभी. सात वर्षं ती वेळ आली नाही.

* * *

धागाकर्ता पुन्हा हजर. आधी टायर पुढचे मागे टाकले. घूंऽऽ निम्मं मागे गेलं! म्हणजे निम्मा दोष त्यांचा. उरलेलं पुढेच राहिलं. झुलवून पाहिलं, डावीकडे वळताना वाढतं. स्प्रिंगवर बोटं ठेवली: डावीकडे लोणी, उजवीकडे वाळू. उजवं बेअरिंग काल बदललं. ऐंशीला कुजबुज ऐकू येते.

काढलेलं जुनं डावं बेअरिंग मेकॅनिकने डब्यात ठेवलं होतं. फिरवून बघावं म्हटलं, तर उपटतानाच त्याचे भाग सुटे झालेले, आतली कडी हबवर राहून वेगळी निघालेली. ते खरंच गेलं होतं की नाही हे आता कुणालाच कळणार नाही.

फाउंडेशन धड आहेत. 'टक' अजून आहे. ॲक्सलचा नट सोडायचा तर आमच्या गाडीला नवा नट लागतो, तो मागवलाय. खाचांना ग्रीस लावून काय होतं ते लिहितो.