कलम ५३ ची नोटीस आली आहे. आईची खोली वाचेल का?

प्रश्न
सहकारनगरमधला आमचा बंगला वडिलांनी बांधला. २०११ मध्ये आईला जिना चढवेनासा झाला, म्हणून मागच्या मोकळ्या जागेत तिच्यासाठी खोली बांधली आणि पुढे गच्चीवर पत्र्याची शेडही घातली. परवानगी घेतली नाही, ही आमची चूक आहे. आता महापालिकेकडून महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली विनापरवाना बांधकाम पाडण्याची नोटीस आली आहे. खोलीचा मिळकत कर आम्ही नियमित भरतो. त्यामुळे ती अधिकृत ठरत नाही का?

उत्तर १
नाही. कर आकारणी आणि बांधकाम परवानगी या पूर्णपणे वेगळ्या बाबी आहेत. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली अवैध बांधकामावर शास्ती (दंड) लावता येते, तरीही ते बांधकाम नियमित होत नाही. मात्र नगररचना अधिनियमाचे कलम ५३(३) नीट वाचा. नोटिशीत दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो आणि त्याचा निर्णय होईपर्यंत केवळ त्या नोटिशीच्या आधारे बांधकाम पाडता येत नाही. त्यासाठी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) घेऊन आजच वास्तुविशारदाकडे जा. एफएसआय (भूखंडावर अनुज्ञेय बांधकाम क्षेत्र) शिल्लक असला, तरी यूडीसीपीआर म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे मागचे सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) सुटत आहे का, यावरच खोलीचे भवितव्य ठरेल. शेडचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे. आमच्या वेळी एका मध्यस्थाने ‘नोटीस मिटवून देतो’ असे सांगितले, त्यात मुदत उलटली आणि अर्जाची संधी गेली. अर्ज आवक विभागात स्वतः द्या आणि पोच घ्या. शिवाय, सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देण्यासाठी किमान १५ दिवस मिळायला हवेत, सुनावणी व्हायला हवी आणि अंतिम आदेशानंतरही १५ दिवस थांबायला हवे. त्यामुळे सुनावणीची मागणी लेखी करा.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. नकाशा लावून मोजणी केली, तेव्हा खोलीची मागची भिंत सामासिक अंतरात सुमारे दोन फूट शिरलेली आढळली. ती आत घेऊन सुधारित नकाशासह अर्ज करण्याचे वास्तुविशारदांनी सुचवले आहे. शेड या रविवारी उतरवत आहोत.