सीओबी चिप हीटसिंकला चिकटवू नका, होल्डरने आवळा

सोल्डरगन, ठाणे

कोपरीत आमच्या घराजवळ एक अभ्यासिका आहे. एमपीएससी, बँक, पोलीस भरती असं सगळं करणारी मुलं सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत तिथे बसतात. दोन वर्षांपूर्वी तिथे ५० वॉटचे आठ एलईडी दिवे लागले. या मे महिन्यात त्यातले तीन मंद झाले, चौथा लुकलुकायला लागला. ज्याने बसवले तो म्हणाला, पूर्ण फिटिंग बदला. अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकांकडे तेवढे पैसे नाहीत, म्हणून त्यांनी मला हाक मारली.

उघडून पाहिलं तर ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारं सर्किट, ठणठणीत. हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा, तोही चांगला जाडजूड. घोळ होता उजेड देणाऱ्या चिपच्या खाली. चिप थर्मल ग्लूने चिकटवलेली, एका कडेला थर कागदाएवढा आणि दुसऱ्या कडेला नाण्याएवढा, मध्ये हवेचे बुडबुडे. सिरॅमिकची चिप काढायला गेलो तर चारही ठिकाणी तुकडेच हातात आले. ग्लू खरवडून हीटसिंक परत सपाट करण्यात माझा अख्खा रविवार गेला.

म्हणून इथे ठामपणे लिहितोय. मोठ्या वॉटेजची सीओबी चिप, म्हणजे एकाच पट्टीवर डझनांनी बारीक एलईडी बसवून वर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेली चिप, कधीही चिकटवू नये. खाली उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टचा पातळ हात, वर स्प्रिंगचा दाब देणारा होल्डर, दोन एम-३ स्क्रू. बस्स.

हिशेब साधा आहे. ५० वॉट वीज गेली की त्यातले साधारण ३५ वॉट उष्णता होऊन चिपच्या पाठीतून बाहेर पडायला बघतात. चिपची पट्टी २८ बाय २८ मिमी धरा. अगदी साधी पेस्ट, वाहकता १ वॉट प्रति मीटर-केल्विन, थर ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिमी: तापमानाचा फरक पडतो सव्वादोन अंश. तोच थर ०.३ मिमी झाला की साडेतेरा अंश. आणि पूर्ण पाठीखाली ५० मायक्रॉनची हवाच राहिली तर ८५ अंशांच्या वर. हवेची वाहकताच मुळी ०.०२६ आहे.

याचा अर्थ ८ वाहकतेची महागडी पेस्ट आणून तुम्ही जेमतेम दोन अंश वाचवता. थर पातळ आणि एकसारखा ठेवलात तर दहा-बारा अंश वाचतात. हा एकसारखा दाब होल्डर देतो. बोटाने दाबून धरलेला ग्लू देत नाही.

---

रबाळे_शेड, नवी मुंबई

दादा, तुमचा रविवार गेला याचं वाईट वाटतं, पण दोष ग्लूचा नाही, लावणाऱ्याचा आहे. मी बारा वर्षं रबाळ्याला शेडमध्ये दिवे जोडतोय. आमच्याकडे ग्लू मोजून टाकायला डिस्पेन्सर आहे, दाब द्यायला जिग आहे, आणि ग्लू बसेपर्यंत जिग काढत नाही. थर मोजून घ्या, ०.१ मिमीच्या आत भरेल.

आता तुमच्या पेस्टचं सांगतो. दिवा रोज तापतो, रोज निवतो. प्रत्येक वेळी चिप आणि ॲल्युमिनियम वेगवेगळं प्रसरण पावतात, आणि त्या हालचालीत पेस्ट कडेने बाहेर ढकलली जाते. तिच्यातलं सिलिकॉन तेल सुटतं आणि मध्ये कोरडी पावडर उरते. दोन-तीन वर्षांनी उघडून बघा, बरोबर मधोमध, जिथे सगळ्यात जास्त उष्णता, तिथेच पेस्ट सगळ्यात कमी असेल. बसलेला ग्लू कुठे जात नाही.

दुसरं म्हणजे होल्डर लावायचा तर प्रत्येक हीटसिंकला दोन भोकं, आणि त्यांत टॅप फिरवून स्क्रूचे आटे पाडायचे. ॲल्युमिनियममध्ये एम-३ चा टॅप तुटला की तो हीटसिंक भंगारात. दिवसाला शंभर नग काढणाऱ्याला हे परवडत नाही. तुम्ही चार दिवे दुरुस्त केलेत, आम्हाला आठ हजार बनवायचे असतात.

आणि माझा शेडमधला दिवा चार तास पेटवून टेम्परेचर गनने बघितला, हीटसिंक ४८ अंश. चिकटवलेलाच दिवा आहे.

---

निवृत्त_टूलरूम, वागळे इस्टेट

गन ॲल्युमिनियमवर धरली होती का? चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी किरणाने फेकतं, त्यामुळे गन खरं तापमान दाखवतच नाही. समोरच्या भिंतीचं, छताचं प्रतिबिंब वाचते. हीटसिंकवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, दहा मिनिटं थांबा, मग टेपवर गन धरा. आकडा वर गेलेला दिसेल.

आणि हीटसिंकचं तापमान हा या वादातला मुद्दाच नाही. उलट विचार करा: चिप आणि हीटसिंकमधला सांधा वाईट असेल तर चिप तापते, पण हीटसिंक तेवढाच राहतो. हाताला कोमट लागतो आणि माणूस निश्चिंत होतो. मोजायचं असेल तर चिपच्या पट्टीवर तापमान मोजायचा टीसी असा बिंदू छापलेला असतो, तिथे बारीक थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, लावून मोजा. त्याच्याशेजारचा हीटसिंकही मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा सांधा.

सोल्डरगन, तुमच्याही हिशेबात एक गोम आहे. तुम्ही पट्टीचं पूर्ण क्षेत्रफळ धरलंत. उष्णता येते ती पिवळ्या वर्तुळाखालून. वर्तुळ २२ मिमीचं असेल तर क्षेत्र जवळपास निम्मं, आणि पट्टी बाजूला फारशी उष्णता पसरवत नसेल तर तुमचे सगळे आकडे दुपटीकडे सरकतात. म्हणजे मुद्दा तुमचाच बळकट होतो, पण हिशेब चोख असावा.

टॅप तुटतो म्हणून चिकटवायचं, हे मात्र मला पटत नाही. एम-३ ला २.५ मिमीचं ड्रिल, धार नवी. ॲल्युमिनियमला रॉकेलचा थेंब. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, धातूचा किस मोडला पाहिजे. मी ३४ वर्षं कारखान्यात हेच केलं, पोरांना हेच शिकवलं. टॅप तुटतो तो घाईने आणि तिरका धरल्याने. भोकं मारून झाल्यावर वरची बर, म्हणजे काठावर उभी राहिलेली धातूची कड, काढायला विसरू नका. भोकाच्या काठावरचा एवढासा उंचवटा चिपची एक बाजू वर उचलतो, मग तुमचा होल्डर दाबतोय काय आणि पेस्ट भरतेय काय. चिपखालची जागा काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा. स्टीलची पट्टी उभी धरून मागून उजेड बघा. फट दिसली तर परत घासा.

---

ऐरोलीची_माळीण

मी बाल्कनीत मायक्रोग्रीन्स आणि दोन टाक्यांत पाणवनस्पती वाढवते, सगळे दिवे हाताने जोडलेले आहेत. माझं मत थोडं वेगळं. ३ वॉटचा एकच एलईडी बसवलेल्या गोल स्टार प्लेटला मी ग्लूच लावते आणि लावणार. त्याला ना होल्डर मिळतो, ना गरज आहे. उष्णता दोन वॉट, फार झालं तर. सगळ्यांना एकच नियम लावू नका.

पण ५० वॉटच्या चिपला मी एकदा ग्लू लावून फसले, आणि फसले ती वेगळ्याच कारणाने. चिप आधी चिकटवली आणि मग तारा सोल्डर करायला बसले. हीटसिंक इतका मोठा की सगळी उष्णता तोच ओढून घ्यायचा, कथील धरेचना. शेवटी सोल्डरिंग आयर्न बराच वेळ दाबून धरलं आणि तार जोडायचं पॅडच उखडलं. होल्डरला तार नुसती खोचायची असते. घरी काम करणाऱ्या बाईला त्यातच निम्मं समाधान आहे.

अजून एक. त्याच दिव्याची लेन्स मी टाकीच्या काचा जोडायच्या सिलिकॉनने बसवली, ते आंबट वासाचं. महिन्याभरात पिवळा भाग कडेने तपकिरी पडला. कुणी सांगेल का असं का झालं?

---

सोल्डरगन, ठाणे

ताई, तो आंबट वास म्हणजे ॲसिटिक ॲसिड, व्हिनेगरमध्ये असतं तेच. लेन्सखाली कोंडलेली वाफ फॉस्फर धरून ठेवणाऱ्या मऊ सिलिकॉनमध्ये शिरते आणि त्याचा रंग बिघडवते. फेविक्विकसारख्या ग्लूचीही वाफ वाईटच. बिनवासाचं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन आणा आणि उघड्यावर एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या, मगच बंद करा. ३ वॉटच्या स्टारबद्दल तुमचं बरोबर आहे, ते मान्य.

निवृत्त काका, क्षेत्रफळाची चूक कबूल.

रबाळेवाले दादा, पेस्ट बाहेर ढकलली जाते हेही खरं आहे. मी स्वतः जुन्या दिव्यात मधोमध कोरडी पडलेली पेस्ट पाहिली आहे. पण बघा, तेव्हा मी काय केलं? दोन स्क्रू सोडले, कापडाने पुसलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केलं, वाटाण्याएवढी नवी पेस्ट मध्ये टाकून होल्डर आवळला. दहा मिनिटं. तुमचा ग्लू कुठे जात नाही, हेच तर माझं दुखणं आहे. चिप जाते, ड्रायव्हर जातो, आणि ग्लूमुळे दीड किलोचा चांगला हीटसिंकही त्यांच्याबरोबर भंगारात जातो. तुमच्या जिगवर थर पातळ येत असेल, त्यावर माझा विश्वास आहे. पण तुमचा दिवा पाच वर्षांनी ज्याच्या हातात येईल, त्याच्याकडे जिग नसणार.

अभ्यासिकेतली मुलं दिवा मंद झाला तर तक्रार करत नाहीत, नुसती वही डोळ्यांजवळ नेतात. मला तिथे त्या चार दिव्यांखाली बसलेल्या मुली दिसल्या म्हणून मी इतका हट्टाने लिहितोय.

---

वाशी_मंडप

आम्ही गणपतीत दिवे टेम्पोत घालून फिरवतो. खड्ड्यांनी स्क्रू ढिले होतात, एकदा होल्डर सुटून चिप तारेला लोंबकळली आणि काही सेकंदांत जळाली. तेव्हापासून चिकटवतो.

---

निवृत्त_टूलरूम, वागळे इस्टेट

स्प्रिंग वॉशर घातला होता का? आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळले का? एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला की होल्डर तिरका बसतो. सिरॅमिक चिप असेल तर कोपरा तडकतो, आणि तो तडा आज दिसत नाही, महिन्याने दिसतो. पिवळ्या भागावर बोटही टेकवायचं नाही, आत केसाहून बारीक तारा आहेत.

आणि तुम्हा सगळ्यांना: हीटसिंकला अर्थिंग द्या. स्वस्त नॉन-आयसोलेटेड ड्रायव्हर, म्हणजे घरच्या विजेपासून चिप अलग न ठेवणारा, असेल तर चिपमधले एलईडी आणि धातू यांच्यामध्ये फक्त ती पातळ पट्टी असते. पावसाळ्यात मंडपात लोखंडी खांबाला बांधलेल्या दिव्याबाबत तर मी यात कुणाचंही मत ऐकून घेणार नाही.

---

रबाळे_शेड, नवी मुंबई

टेप लावून मोजलं. ६१ अंश. काका, आभार.

तरी माझं मत बदललेलं नाही, एवढं मात्र मानतो की चिप बदलायची सोय असावी. मी हिशेब मांडून बघितला: हीटसिंकचा साचा नवा करताना स्क्रूसाठी खाच त्यातच ठेवली तर टॅपचा खर्च वाचेल. पण ते पुढच्या साच्याला.

सोल्डरगन दादा, वाद घालण्यापेक्षा मोजू. माझ्याकडे सारखे दोन हीटसिंक आहेत. एकावर माझ्या जिगने चिकटवलेली चिप, दुसऱ्यावर तुमचा होल्डर आणि तुमच्या हातची पेस्ट. दोन्ही चिपा सिरीजमध्ये, म्हणजे करंट एकच. थर्मोकपल तुमचे, शुक्रवारी शेडला सुट्टी असते, मी थांबेन. फक्त एक अट: पहिल्या दिवशीचा आकडा धरायचा नाही. टायमर लावून पाचशे वेळा चालू-बंद करू, मग मोजू.

---

सोल्डरगन, ठाणे

अट मान्य. पाचशे झाल्यावर दोन्ही चिपा काढायच्या, हीही माझी अट. काढायला किती वेळ लागला तेही घड्याळ लावून लिहायचं.